ब्राउनीय गतीचा प्रयोग: मण्यांचा आकडा जुळला, मातीचे कण मात्र थांबले

प्रश्न (पदवी महाविद्यालयातील शिक्षक, जिंतूर)

आमच्या बी.एस्सी. तृतीय वर्षाच्या चार विद्यार्थ्यांनी प्रकल्पासाठी ब्राउनीय गती (रेणूंच्या धडकांमुळे द्रवातील सूक्ष्म कणांची होणारी अखंड थरथर) हा विषय घेतला. १ मायक्रॉन व्यासाचे पॉलिस्टायरीनचे मणी पाण्यात मिसळून त्याचा थेंब काचपट्टीवर घेतला, वर आच्छादक काच ठेवली आणि सूक्ष्मदर्शकाच्या नेत्रिकेला मोबाइल लावून चित्रफिती घेतल्या. मण्यांच्या जागा चौकटीगणिक नोंदवून विस्थापनाच्या वर्गाची सरासरी काढली, तेव्हा विसरण गुणांक (कण किती झपाट्याने पसरतात याचे माप) ०.४८ चौरस मायक्रॉन प्रति सेकंद आला. आइन्स्टाइन यांच्या १९०५ च्या सूत्रात पुस्तकातील २५ अंश सेल्सियसची पाण्याची श्यानता (वाहण्याला होणारा अंतर्गत विरोध) घातल्यावर बोल्ट्झमनचा स्थिरांक (तापमान आणि रेणूंची ऊर्जा यांना जोडणारा आकडा) १.३५ गुणिले १० चा उणे २३ वा घात एवढा मिळाला. मान्य किंमत १.३८ असल्याने मुलांना फार आनंद झाला.

अडचण पुढे आली. मण्यांऐवजी आपल्या शिवारातली काळी माती बोअरच्या पाण्यात ढवळून वरचे गढूळ पाणी पाहिले, तर कण सुरुवातीला थरथरताना दिसले, पण अर्ध्या तासात त्यांचे पुंजके झाले आणि ते तळाशी बसून जागचे हलेनात. माती या प्रयोगाला अयोग्यच आहे का, की आमच्या कृतीत चूक आहे?

उत्तर (कलिल, म्हणजे द्रवात तरंगत्या सूक्ष्म कणांच्या मिश्रणांवर काम करणारा संशोधक, छत्रपती संभाजीनगर)

सर, मातीआधी मण्यांबद्दल विचारतो, कारण मला त्या जुळलेल्या आकड्याचीच काळजी वाटते. प्रयोग कोणत्या दिवसांत आणि किती वाजता केला? आच्छादक काचेखाली दोन्ही बाजूंना काही आधार ठेवला होता का?

प्रश्नकर्ता

एप्रिलच्या अखेरीस, दुपारी केला. खोलीतील तापमापक ४० अंश दाखवत होता. आधार ठेवला नव्हता. काच थेंबावर तशीच हलकेच दाबली.

उत्तर (संशोधक, छत्रपती संभाजीनगर)

मग आकडा जुळला तो दोन चुकांनी एकमेकींना झाकल्यामुळे, असे मला वाटते. २५ अंशांना पाण्याची श्यानता ०.८९ मिलिपास्कल-सेकंद असते, तर ४० अंशांना ती ०.६५ पर्यंत उतरते. केल्व्हिनमध्ये मोजलेले तापमान या फरकाने जेमतेम ५ टक्के वाढते, पण श्यानता चौथ्या हिश्शाहून अधिक घटते, म्हणून मोकळ्या पाण्यातील १ मायक्रॉनच्या मण्याचा विसरण गुणांक ०.४९ वरून ०.७० वर जायला हवा. आपल्या मोजणीत तो ०.४८ आहे. खरे तापमान घालून स्थिरांक काढलात, तर तो १.३५ नव्हे, ०.९४ येईल.

घट कशामुळे झाली, याचे उत्तर त्या दाबलेल्या काचेत असावे. काचेलगत हलणाऱ्या कणाला पाणी बाजूला सारणे जड जाते. मण्याचे केंद्र काचेपासून त्याच्या एका व्यासाएवढ्या अंतरावर असेल, तर काचेला समांतर दिशेतील त्याचे विसरण सुमारे २८ टक्क्यांनी कमी होते, आणि वरखाली दोन्हीकडे काच असल्यास घट आणखी वाढते. दुतर्फी चिकटपट्टीचे दोन तुकडे आधाराला ठेवून पाण्याचा थर सुमारे १०० मायक्रॉन करावा, कडा मेणाने बंद कराव्यात आणि थराच्या मध्यावर फोकस करून चित्रण करावे. कडा उघड्या राहिल्या तर बाष्पीभवनाने पाणी एका दिशेला वाहते आणि सर्व मणी मिळून सरकतात. विस्थापनाच्या वर्गाच्या सरासरीचा वेळेनुसार काढलेला आलेख सरळ रेषेऐवजी वर वळू लागला की हे वाहणे ओळखावे.

मोजपट्टीही पुन्हा तपासावी, कारण लांबीतील ५ टक्के चूक वर्ग केल्यावर १० टक्के होते. स्टेज मायक्रोमीटर (सूक्ष्म खुणांची काचपट्टी) नसेल तर जुन्या सीडीचा तुकडा पाहावा. तिच्या रेषांमधील अंतर १.६ मायक्रॉन असते.

उत्तर (मृदाशास्त्राची अभ्यासक, परभणी)

माती अयोग्य नाही. मला तर तुमच्या प्रयोगाचा हाच भाग अधिक मोलाचा वाटतो. काळ्या मातीतील चिकणकण ऋणभारित असतात आणि त्या भारामुळेच एकमेकांपासून दूर राहतात. बोअरच्या जड पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम हा भार झाकून टाकतात, कण जवळ येतात आणि आकर्षणाने चिकटतात. गढूळ पाण्यात तुरटी फिरवल्यावर गाळ बसतो, तेही याच कारणाने. तिथे तीन भारांचे ॲल्युमिनियम हे काम कितीतरी कमी प्रमाणात साधते. आपल्याकडच्या चोपण (सोडियमचे प्रमाण जास्त असलेल्या) जमिनीत उलटा प्रकार असतो. तिथे सोडियममुळे कण सुटे होतात, मातीची छिद्रे बुजतात आणि पाणी मुरत नाही, म्हणून शेतकरी जिप्सम घालून कॅल्शियम पुरवतात. तुमच्या काचपट्टीवर अर्ध्या तासात जे घडले, तेच शेतात घडवून आणण्यासाठी हा खटाटोप असतो.

ऊर्ध्वपातित पाणी घ्या आणि त्यात किंचित सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट घाला. माती परीक्षणात कण सुटे करण्यासाठी तेच वापरतात. मग मिश्रण उंच नळीत स्थिर ठेवा. २ मायक्रॉनहून मोठे कण १० सेंटिमीटर खाली जायला २० अंशांना साधारण ८ तास लागतात, तर तुमच्या ४० अंशांच्या खोलीत सव्वापाच तास पुरतील. त्यानंतर वरच्या थरातील पाणी घ्या.

उत्तर (निवृत्त प्राध्यापक, नांदेड)

वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे, मात्र मातीच्या कणांवरून स्थिरांक काढण्याचा आग्रह धरू नये. सूत्र गोलाकार कणांसाठी आहे, आणि चिकणकण पत्र्यासारखे चपटे व निरनिराळ्या मापांचे असतात. शिवाय त्यांची घनता पाण्याच्या अडीच पटींहून अधिक असल्याने १ मायक्रॉनचा कण तळाजवळच घुटमळतो आणि काचेचा अडथळा पुन्हा उभा राहतो. एकसारखे कण मिळवणे किती कष्टाचे आहे, हे ब्राउनीय गतीवर प्रयोग करणारे फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ झाँ पेरँ यांच्या कामात दिसते. त्यांनी १ किलो गँबोज राळ घेऊन महिनोन्‌महिने अपकेंद्रण (वेगाने फिरवून कण वेगळे करणे) केले, तेव्हा हाती लागले ते काही दशांश ग्रॅम. १९२६ चे नोबेल ज्या कामासाठी मिळाले, त्यात या चिकाटीचा वाटा मोठा आहे. मण्यांवर स्थिरांक मोजावा आणि मातीवर कण कोणत्या पाण्यात किती वेळात चिकटतात ते पाहावे.

प्रश्नकर्ता

सर्वांचा आभारी आहे. ऊर्ध्वपातित पाण्यातील मातीचा नमुना काल सकाळी बसवला. आज सकाळीही कण सुटे आहेत आणि हलत आहेत. बोअरच्या पाण्याचे काही थेंब त्यात मिसळून वेळ मोजण्याचे काम दोन विद्यार्थ्यांनी हाती घेतले आहे. उरलेले दोघे चिकटपट्टीचे आधार लावून मण्यांची मोजणी पहाटे आणि दुपारी अशी दोनदा करणार आहेत. नोंदवहीतील १.३५ हा आकडा त्यांनी खोडलेला नाही. त्याच्याशेजारी ४० अंश असे लिहून खाली ०.९४ मांडले आहे.