५५ डेसिबलचा फलक लावला की आवाज बसतो म्हणे!

नियम_पाच:
परवा इथल्याच एका पोस्टीत वाचलं : "महापालिकेने मंडळांना सरसकट ५५ डेसिबलची मर्यादा घालावी, चौकाचौकात मीटर लावावेत, आकडा वर गेला की जागेवर दंड. इच्छाशक्ती असेल तर एका गणपतीत प्रश्न मिटेल." खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. प्रतिसादात मावेना म्हणून वेगळा धागा काढतोय.

मुळात महापालिका या खेळात पंच नाहीच. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत 'प्राधिकारी' म्हणजे जिल्हाधिकारी, पोलिस आयुक्त किंवा नेमून दिलेला, किमान उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी. मनपा मांडवाला परवानगी देते आणि रस्त्यात खड्डे पाडले तर पैसे घेते. स्पीकरचा परवाना पोलिसांकडून. अतिक्रमणवाले मांडव उतरवू शकतात, स्पीकरची पिन नाही उपटू शकत.

आणि ५५ हा आकडा निवासी भागाचा दिवसाचा सभोवतालचा मानक आहे. सार्वजनिक जागी स्पीकर लावला तर त्या जागेच्या हद्दीवर मानक अधिक १०, किंवा ७५, यातलं जे कमी ते. म्हणजे निवासीत दिवसा ६५, व्यापारीत ७५. आता खाली सराफाचं दुकान आणि वर तीन बिऱ्हाडं असलेला पेठेतला वाडा निवासी की व्यापारी? शिवाय मांडवाची हद्द बांबूंवरून ठरवता येते. चालत्या ट्रकची हद्द कुठली?

चौकातला मीटर एकूण आवाज सांगतो, तो कुणाचा हे सांगत नाही. पुढे एक मंडळ, मागे दुसरं, मध्ये पोलिसांचाच कर्णा ओरडतोय, "पुढे चला, पुढे चला". दंड कुणाच्या नावावर फाडणार? पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेचे विद्यार्थी लक्ष्मी रस्त्यावरच्या दहा चौकांत वर्षानुवर्षं विसर्जनाचे आकडे घेतात, दुसऱ्या दिवशी ते पेपरात येतात. आकड्यांची टंचाई कधीच नव्हती.

तक्रारवही:
म्हणजे काहीच करता येत नाही, एवढं सांगायला चार परिच्छेद? पाच नंबरचा नियम नावात घेऊन फिरता, सातवा वाचलाय का?

दिवसा तक्रार करायची तर आवाज मानकापेक्षा १० डेसिबलने वर हवा, हे खरं. पण रात्रीचा निर्बंध मोडला, तर आकडा लागत नाही. दहा वाजून पाच मिनिटांनी मोकळ्या जागेत स्पीकर चालू असणं हाच भंग. "आमच्याकडे मीटर नाही" हे ठाण्यातलं ठेवणीतलं उत्तर रात्री चालतच नाही.

म्हणून ११२ ला फोन लावल्यावर "खूप आवाज आहे हो" म्हणू नका. तसं म्हटलं की मोजायचा विषय निघतो आणि मीटर येईपर्यंत आरती झालेली असते. "अमुक चौक, दहा वाजून पाच मिनिटं, उघड्यावर ध्वनिक्षेपक चालू", बस्स. व्हिडिओ सलग काढा : आधी घड्याळ, मग स्पीकर, मग चौकाची पाटी. मधे कट असला की तो कालचा ठरतो. आणि डायरीतल्या नोंदीचा क्रमांक मागून घ्या, नाहीतर दुसऱ्या दिवशी "असा फोन आलाच नव्हता". नाव सांगायची भीती असेल तर जानेवारी २०२५ मधला मुंबई उच्च न्यायालयाचा कुर्ल्याच्या प्रकरणातला निकाल दाखवा. तक्रारदाराची ओळख न विचारता कारवाई करा आणि ती उघड करू नका, असं त्यात पोलिसांना बजावलंय.

नियम_पाच:
अहो, सातवा वाचलाय. तुम्ही ५(३) विसरलात. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. जिल्हाधिकाऱ्यांची यादी आधी बघा, नाहीतर ११२ वाले तोच कागद तुमच्या हातात ठेवतील.

तक्रारवही:
सूट वेळेची आहे, आवाजाची नाही. आणि शांतता क्षेत्राला तर नाहीच.

नियम_पाच:
कुठलं शांतता क्षेत्र? १० ऑगस्ट २०१७ च्या दुरुस्तीपासून राज्याने अधिसूचित केल्याशिवाय शांतता क्षेत्र अस्तित्वातच येत नाही. दवाखान्यापासून १०० मीटर आपोआप, हे दिवस गेले. उच्च न्यायालयाने ती दुरुस्ती रोखली, तर ४ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशालाच स्थगिती दिली. दवाखान्याबाहेरची पाटी बघून भांडायला जाण्याआधी अधिसूचना शोधा.

अठराइंची_बेस:
तुम्ही दोघे कलमं मोजत बसा. मुळात मोजताय ते चुकीचं आहे.

कायद्यातले सगळे मानक 'ए' वेटिंगचे, म्हणजे मीटरमधल्या 'ए' नावाच्या गाळणीतून मोजलेले. हे वेटिंग मंद आवाजात कान जसा ऐकतो त्यावर बेतलेलं, म्हणून खालच्या सुरांना कात्री लावतं : ५० हर्ट्झला ३० डेसिबल, ६३ ला २६. ट्रकवरचे अठरा इंची बेस काम करतात ते याच पट्ट्यात. प्रत्यक्षात १०५ चा बेस ए-मीटरवर ७५ दिसतो. भिंत आणि बंद खिडकी टॉपचा, म्हणजे वरच्या सुरांच्या स्पीकरचा किणकिणाट अडवते, बेस आरपार जातो. म्हणून तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना गाणं कुठलं ते कळत नाही, पण छातीत धडधड आणि मांडणीतली भांडी थडथड. खाली मीटर घेऊन उभा असलेला हवालदार म्हणतो, "आकडा काही एवढा नाही काका."

मीटरवर ए आणि सी असं बटण असतं. सी वेटिंग ५० हर्ट्झला जेमतेम सव्वा डेसिबल कापतं. दोन्ही आकडे घ्या. सी उणे ए जर १५-२० आला तर समजा स्पीकरची भिंत बेसची आहे.

पथकातला:
वा, अखेर डीजेवाल्यानेच कबूल केलं! आता हेही सांगा की याच ए वेटिंगपायी ढोल-ताशा उगाच बदनाम होतो. ताशाचा कडकडाट दोन-तीन किलोहर्ट्झच्या आसपास, तिथे ए काही कापत नाही, उलट डेसिबलभर वाढवतं. म्हणून पेपरात ताशाचा आकडा डीजेच्या वर. वर एनजीटीने, म्हणजे हरित लवादाने, २०२४ च्या ऑगस्टमध्ये पथकात ३० च वादक असा फतवा काढला, तो सर्वोच्च न्यायालयाने पंधरा दिवसांत रोखला. परंपरेला हात लावायचा आणि डॉल्बीच्या भिंतींना मोकळं रान!

अठराइंची_बेस:
कबूल कसलं, भौतिकशास्त्र सांगितलं. तुमचंही सांगतो. आवाज लॉगॅरिदमने वाढतो : वादक दुप्पट केले की ३ डेसिबल. शंभराचे तीस केले तर ५ ने उतरेल, पन्नासाचे तीस केले तर दोन-सव्वादोन. कानाला दोन डेसिबल कळतही नाहीत. त्यामुळे तो आदेश कुचकामी होता हे मान्य, पण परंपरेमुळे नाही, गणितामुळे. आणि 'ताशा उगाच बदनाम' हे विसरा. ताशाचा प्रत्येक ठोका आघात असतो, मीटर 'स्लो'वर ठेवला तर एक सेकंदाच्या सरासरीत त्याचं टोक बोथट होतं. 'फास्ट'वर घ्या, १२५ मिलिसेकंदांवर, मग बोला. बदनामी कमीच झालीय तुमची.

पथकातला:
निदान आमच्यामागे जनरेटर नसतो. ढोल हे वाद्य आहे, लाउडस्पीकर नाही. आम्हाला परवाना लागत नाही.

तक्रारवही:
परवाना नाही लागत. पण २०१० च्या दुरुस्तीने ५(२) मध्ये वाद्यंही आणलीत. रात्री दहा ते सकाळी सहा मोकळ्यावर कुठलंच वाद्य नाही. नदीकाठी रात्री साडेदहापर्यंत चालणारा सराव त्यातच येतो. परंपरा सकाळी सहानंतर जपा की.

पथकातला:
सराव किती वाजेपर्यंत चालतो हे पथकाला सांगायची गरज नाही. बहुतेक पथकं साडेनऊला थांबतात.

तक्रारवही:
बहुतेक. बरं.

ब्रेकर_बंद:
गणपती दहा दिवस. शेजारी बारा महिने पुनर्विकास चालू आहे त्याचं बोला. खडकात ब्रेकर, रात्री अकराला काँक्रीटची गाडी उलटी घेताना पीं पीं पीं. यावर कधी धागा निघत नाही, कारण बिल्डरला देव नसतो.

कृष्णाकाठ:
पुण्याच्या बाहेर बघा जरा राव. आमच्या सातारा-सांगलीकडं डॉल्बी म्हणजे लग्न, वाढदिवस, निवडणूक, सगळ्याला. नुसत्या गणपतीचं काय घेऊन बसलाय. आणि त्या ट्रकमागं बेसला पाठ लावून नाचणाऱ्या पोरांच्या कानाचं कोण बोलणार? कारखान्यात ११५ डेसिबलला दिवसातून पंधरा मिनिटांच्या वर माणूस उभा करायला बंदी, इथं सहा तास. कानात कापसाचे बोळे घालून काय होत नाही, बेस तर अजिबात थांबत नाही. फोमचा प्लग बारीक वळून, दुसऱ्या हातानं कानाची पाळी वर-मागं ओढून आत घालायचा आणि फुगेपर्यंत तीसेक सेकंद बोटानं धरून ठेवायचा. नुसता टेकवला तर बाहेर येतो.

नियम_पाच:
विषयावर येऊ का? बेसवाल्या दादांचा मुद्दा मोलाचा, पण कोर्टात निरुपयोगी. अनुसूचीत 'सी' नाही. सी मध्ये कितीही आकडा येऊ दे, वकील एकच ओळ वाचेल, "डीबी ए, एलईक्यू", म्हणजे ए वेटिंगची, ठरावीक वेळेची सरासरी.

अठराइंची_बेस:
फटाक्यांना चालतो की सी! ४ मीटरवर १२५ एआय (ए वेटिंगचा आघात) किंवा १४५ सी-पीक (सी वेटिंगचं टोक). तिथे जमलं ते इथे का नाही?

नियम_पाच:
जमेल, दिल्लीतून अधिसूचना काढून आणा. तोवर जे आहे ते नीट मोजा. सुनावणीत प्रकरण पडतं ते बहुतेक मोजणीवरच. 'मॅक्स' नोंदवलेला असतो आणि नियम मागतो ठरावीक वेळेची सरासरी. मोजणीआधी आणि नंतर कॅलिब्रेटर माइकवर बसवून १ किलोहर्ट्झला ९४ येतात का बघायचं, दोन्ही वेळचा आकडा पंचनाम्यात लिहायचा. माइकवर स्पंज हवा, नाहीतर वारा मोजला जातो. उंची १.२ ते १.५ मीटर, भिंतीपासून किमान तीन मीटर लांब, नाहीतर परावर्तनाने तीनपर्यंत डेसिबल फुकट वाढतात. आणि मंडळ थांबल्यावर पार्श्वभूमीचा आकडा. फरक तीनपेक्षा कमी असेल तर तो आवाज मंडळाचा होता हे सिद्धच होत नाही. गर्दीत ढकलाढकली खात हे सगळं करणारा हवालदार दाखवा. मोबाइलमधलं ॲप तर काढूच नका, तो माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो, मोठ्या आवाजाला सपाट होतो.

तक्रारवही:
हेच तर म्हणतेय! मीटर हा पोलिसांना मिळालेला बहाणा आहे. आधी कागद तपासा. परवाना आहे का? वेळ उलटली का? परवान्यात दोन स्पीकर लिहिलेत आणि ट्रकवर बारा आहेत का? मोजायला फक्त डोळे लागतात.

नियम_पाच:
हं. हे मान्य करावं लागेल. पण पुढे काय? हे नियम ज्याखाली येतात त्या पर्यावरण कायद्याच्या कलम १५ मधली कैद १ एप्रिल २०२४ पासून गेली, आता १० हजार ते १५ लाख दंड, तोही न्यायनिर्णय अधिकाऱ्यापुढे. राज्याचा असेल तर सचिव दर्जाचा. गल्लीतल्या डॉल्बीसाठी फाइल सचिवाच्या टेबलावर. सार्वजनिक उपद्रवाचं कलम लावा म्हणाल, तर न्याय संहितेच्या २९२ मध्ये कमाल हजार रुपये. ट्रकच्या डिझेललाही पुरत नाहीत.

अठराइंची_बेस:
मग लिमिटर, म्हणजे आवाज ठरावीक पातळीवर अडवणारी पेटी, सक्तीचा करा, मिक्सर आणि ॲम्पच्या मध्ये. पण सील पेटीला लावून उपयोग नाही. मागच्या दोन वायरी काढून मिक्सर थेट ॲम्पला जोडायला दोन मिनिटं लागतात. सील ॲम्पच्या इनपुटवर हवं. आणि लिमिटरचा माइक टॉपसमोर उंच बांधलेला हवा, केबिनमागे खुपसला तर तो बिचारा शांतताच ऐकतो.

कृष्णाकाठ:
एवढं कशाला? ट्रकच्या मागं जनरेटर किती केव्हीएचा, म्हंजे किती ताकदीचा, एवढं बघा. पाटीवर लिहिलेलं असतंय. ६२ च्या जागी १५ लावा म्हणावं. बेस आपोआप उपाशी मरतोय.

नियम_पाच:
६ डेसिबल.

कृष्णाकाठ:
काय?

नियम_पाच:
६२ चा १५ केला तर ६ डेसिबल उतरतात. ६५ ची मर्यादा त्याने गाठली जात नाही.

अठराइंची_बेस:
कागदावर ६. पण सगळ्यात जास्त वीज बेसच ओढतो, आणि जनरेटर ट्रिप होऊ नये म्हणून ऑपरेटर आधी बेसच्याच पेट्या उतरवतो. जिथे त्रास आहे तिथलाच आवाज जातो. आमच्या धंद्यावर गदा आहे, पण बोलला ते बरोबर. आणि हे निघायच्या आधी, मंडपापाशी तपासता येतं, विसर्जनाच्या गर्दीत नाही.

तक्रारवही:
शिवाय मांडवाच्या परवानगीत ही अट मनपाच घालू शकते, जनरेटर रस्त्यावर उभा राहतो म्हणून. म्हणजे महापालिकेला काम आहे तर!

नियम_पाच:
मांडवाशेजारी उभ्या जनरेटरपुरतं आहे. ट्रकवरचा पुन्हा पोलिसांकडेच. आणि ५५ चा फलक तरीही येडेपणाच.

पथकातला:
ढोलाला जनरेटर लागत नाही, एवढं नोंदवून ठेवा.

ब्रेकर_बंद:
आणि ब्रेकर?

तक्रारवही:
नियम ५ए. आवाज करणारी बांधकामाची यंत्रं निवासी भागात रात्री दहा ते सहा बंद. ११२, वेळ, जागा, सलग व्हिडिओ.

ब्रेकर_बंद:
तो सकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी सुरू करतो.