दूध संस्थेच्या दहा दिवसांच्या बिलासाठी मॅक्रो शिकावा की पायथन?

प्रश्न : सचिव, दूध संस्था

नमस्कार. मी गावातील दूध उत्पादक संस्थेचे सचिवपद सांभाळतो. संस्थेला ३१० सभासद दूध घालतात आणि त्यांचे बिल दर दहा दिवसांनी काढावे लागते. संकलन यंत्रातून सकाळ-संध्याकाळ मिळून वीस फाइली एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस स्वरूपात मिळतात. त्या एकेक उघडून नोंदी एका शीटमध्ये चिकटवायच्या, फॅट आणि एसएनएफ (दुधातील फॅटखेरीज घन घटक) पाहून दरपत्रकातील दर लावायचा, सभासदवार बेरीज करायची, पशुखाद्य व उचल यांची कपात वजा करायची आणि बँकेसाठी यादी तयार करायची, यात माझे पूर्ण दोन दिवस जातात. सूत्रे आणि व्हीलुकअप मला जमते, परंतु प्रोग्रामिंग कधी केलेले नाही. सुरुवात कोठून करावी, एक्सेलमधील कामांची मालिका आपोआप करणाऱ्या मॅक्रोपासून की पायथन या प्रोग्रामिंग भाषेपासून?

उत्तर १ : जुना हिशेबनीस

सचिवसाहेब, आपल्या कामाचा निम्मा भाग प्रोग्रामिंगशिवायच सुटतो. एक्सेलच्या २०१६ आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांत ‘डेटा’ टॅबखाली पॉवर क्वेरी आहे. त्यात ‘फ्रॉम फोल्डर’ हा पर्याय निवडून वीस फाइलींचा फोल्डर दाखवला, की सर्व नोंदी एकाखाली एक येतात. पुढच्या खेपेस फोल्डरमधील फाइली बदलून केवळ ‘रिफ्रेश’ करावे लागते. त्याआधी फॅटचे आकडे रकान्यात डावीकडे चिकटलेले दिसतात का, ते मात्र पाहावे. तसे असल्यास बहुधा ते आकडे नसून मजकूर आहेत, आणि मग दर सापडत नाही म्हणून आपण सूत्रालाच दोष देत बसाल.

उत्तर २ : व्हीबीएवाला

वरील सल्ला योग्य आहे, तरी कपात वजा करून यादी वेगळ्या फाइलीत काढण्यासाठी मॅक्रो सोयीचा पडेल. मॅक्रो ज्या भाषेत लिहिले जातात ती व्हीबीए १९९३ पासून एक्सेलसोबतच येते, त्यामुळे वेगळे काही बसवावे लागत नाही. ‘व्ह्यू’ टॅबमधून ‘रेकॉर्ड मॅक्रो’ सुरू करून एकच लहान काम हाताने करावे, रेकॉर्डिंग थांबवावे आणि ऑल्ट व एफ११ दाबून तयार झालेला कोड ओळीने वाचावा. आपण केलेल्या प्रत्येक क्लिकसाठी यंत्राने काय लिहिले, हे पाहताना भाषा जितकी उमजते तितकी पाठ करून उमजत नाही. फाइल एक्सएलएसएम स्वरूपात साठवावी, कारण नेहमीच्या एक्सएलएसएक्स स्वरूपात मॅक्रो जतन होत नाही. मॅक्रोने केलेला बदल ‘अनडू’ने मागे घेता येत नाही, म्हणून सराव नेहमी प्रतीवरच करावा.

उत्तर ३ : पायथन वापरणारी

मी स्वतः पायथन वापरते, तरीही आपल्याला आज तो सुचवणार नाही. संस्थेच्या संगणकावर तो बसवणे आणि आपल्या गैरहजेरीत तो दुसऱ्या कोणाला चालवता येणे, ही अडचण भाषेपेक्षा मोठी ठरते. शिवाय पायथनमधून एक्सेल फाइली हाताळणारे ओपनपायएक्सएल हे लोकप्रिय साधन जुन्या एक्सएलएस फाइली वाचतच नाही.

त्या जुन्या स्वरूपाबद्दल मात्र सावध राहावे. त्यात एका शीटमध्ये ६५,५३६ ओळीच मावतात, तर २००७ पासूनच्या स्वरूपात १०,४८,५७६ मावतात. आपल्या दहा दिवसांच्या नोंदी साधारण ६,२०० होतील, पण वर्षाच्या नोंदी सव्वादोन लाखांवर जातात. २०२० मध्ये इंग्लंडमध्ये याच मर्यादेमुळे सुमारे १६,००० कोरोना रुग्णांच्या नोंदी वेळेवर पुढे पोहोचल्या नव्हत्या. त्याहून जवळचा धोका खाते क्रमांकांचा आहे. एक्सेल आकड्याचे १५ अंकच अचूक ठेवते. त्यामुळे सोळा अंकी खाते क्रमांक आकडा म्हणून टाकल्यास शेवटचा अंक शून्य होतो. तो रकाना क्रमांक भरण्याआधीच ‘टेक्स्ट’ करावा.

सचिव, दूध संस्था

सर्वांचे आभार. पॉवर क्वेरीने फाइली जोडण्याचे काम काही मिनिटांवर आले. बेरजेचा मॅक्रो रेकॉर्ड केला, तो पहिल्या बिलाला बरोबर चालला; दुसऱ्या बिलाला मात्र शेवटच्या काही सभासदांचे दूध कमी दाखवू लागला. वहीशी ताळा केला म्हणून लक्षात आले.

उत्तर २ : व्हीबीएवाला

रेकॉर्डरने पहिल्या वेळची शेवटची ओळ कोडमध्ये आकड्यानेच लिहून ठेवली आहे, त्यामुळे नोंदी वाढल्या की खालच्या ओळी सुटतात. त्या आकड्याच्या जागी एक व्हेरिएबल (बदलती किंमत साठवणारे नाव) ठेवावे आणि शीटच्या तळापासून वर येत पहिला भरलेला सेल ज्या ओळीत सापडेल, तिचा क्रमांक त्यात घ्यावा. व्हेरिएबलचा प्रकार ‘इंटिजर’ न ठेवता ‘लाँग’ ठेवावा, कारण इंटिजर ३२,७६७ च्या पुढे मोजत नाही आणि वर्षअखेरच्या पत्रकाला मॅक्रो अडेल. वहीशी ताळा करणे मात्र आणखी तीन-चार बिले तरी सोडू नये.