घरच्या घरी सुरीला धार: चुकतंय कुठे?

कोथरूडकर:
बोहरी आळीतून काळा दगड आणला, एक बाजू खरबरीत, एक बारीक. रविवारी ओला करून अर्धा तास घासलं. सुरी चकचकीत झाली, पण टोमॅटो नुसता दबतो. आई म्हणते, "धारवाल्याला दे." मागे एकाला दिली होती, तर ठिणग्यांची दिवाळी झाली आणि टोक निळं पडलं.

निवृत्त टूलरूम:
"चकचकीत झाली" यातच उत्तर आहे. सुरी फार आडवी धरताय. पात्याची बाजू घासली जातेय, धारेला दगड लागतच नाही. धारेवर काळ्या मार्करने रेघ ओढा, चार हात मारा. कडेची शाई तशीच राहिली तर सुरीची पाठ उचला. पातं ४ सेंटीमीटर रुंद असेल तर पाठ दगडापासून सव्वा सेंटीमीटर वर.

आणि घड्याळ बघू नका. एका बाजूने घासलं की पलीकडच्या कडेला बारीक कंगोरा उठतो, कारखान्यात आम्ही त्याला 'बर' म्हणायचो. पाठीकडून धारेकडे अंगठा हलकेच ओढा (धारेच्या रेषेत कधीच नाही). मुठीपासून टोकापर्यंत खरखर लागली तरच बाजू बदला. मग बारीक बाजूवर तेच, हात हलका करत. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर, धार मागे ठेवून, दहा-बारा वेळा.

निळं पडलं म्हणजे पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलं. तेवढा भाग झिजून जाईपर्यंत तिथे धार टिकणार नाही. कोरड्या चाकावर पातळ पातं दोन क्षण जास्त टेकलं की संपलं. ३१ वर्षांत मीही टूल जाळलेत, धारवाल्याला काय बोलू!

विळीवाली:
काका, विळीलाही असंच का?

निवृत्त टूलरूम:
उलटं. पातं जागेवर, दगड हातात, बोटं दगडाच्या कडेबाहेर येऊ देऊ नका. खवणीच्या दात्यांना मात्र दगड नको, तिकोनी कानस. लोखंडी विळी असेल तर नंतर कोरडी पुसून तेलाचं बोट फिरवा.

कोथरूडकर:
काका, शाई जशीच्या तशी होती! म्हणजे अर्धा तास मी भांडं घासत होतो. पाठ उचलल्यावर वीस मिनिटांत बर आली. टोमॅटोची साल आता सुरीच्या नुसत्या वजनाने कापली जाते. फक्त मुठीजवळ बोटभर जागेत खरखर लागत नाही.

निवृत्त टूलरूम:
मग खरबरीत बाजूवर परत, फक्त तेवढ्याच जागेसाठी. मूठ दगडाला अडत असेल, सुरी तिरकी धरा.