घरगुती कार्बन डायऑक्साइड बायपास: बोअरचे पाणी आणि भारनियमन यांत तो टिकेल का?

धागाकर्ता, छत्रपती संभाजीनगर

माझी पाणवनस्पतींची टाकी (अॅक्वेरियम) चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच आहे. खडी, माती आणि लाकूड वजा जाता तिच्यात साधारण २०० लिटर पाणी मावते. वनस्पतींच्या वाढीसाठी पाण्यात कार्बन डायऑक्साइड सोडायला दोन वर्षे मी टाकीच्या आत सिरॅमिक चकतीचा डिफ्यूझर वापरला. त्याचे बारीक बुडबुडे धुक्यासारखे वर जातात आणि त्यांतले बरेचसे विरघळण्याआधीच पृष्ठभागावर फुटतात. शिवाय काही आठवड्यांत चकतीवर शेवाळ बसते आणि ती ब्लीचमध्ये बुडवून ठेवावी लागते. पुढे मी दोन इंची पीव्हीसी पाइपचा दोन फूट लांबीचा रिअॅक्टर (वाहत्या पाण्यात गॅस विरघळवणारी बंद नळी) करून तो कॅनिस्टर फिल्टरच्या (टाकीबाहेरच्या बंद डब्यातल्या फिल्टरच्या) परतीच्या नळीत थेट बसवला, तेव्हा बुडबुडे दिसेनासे झाले, पण प्रवाह मेला. आधी २० लिटरची बादली ६० सेकंदांत भरत असे, तिला ९५ सेकंद लागू लागले, आणि टाकीच्या कोपऱ्यांत कचरा साचू लागला.

म्हणून आता मी बायपास, म्हणजे मुख्य प्रवाहापासून वेगळी शाखा, केला आहे. परतीच्या नळीला टी जोडून एक शाखा रिअॅक्टरच्या वरच्या तोंडात नेली, आणि रिअॅक्टरच्या तळातून निघणारी नळी मुख्य नळीला परत न जोडता टाकीच्या समोरच्या कोपऱ्यात स्वतंत्र सोडली. मुख्य नळीवरचा बॉल व्हॉल्व्ह किंचित आवळला की शाखेत पुरेसे पाणी वळते. शाखेची नळी वेगळी असल्यामुळे तिचा प्रवाह मोजता येतो: एक लिटरचे माप ९ सेकंदांत भरते, म्हणजे तासाला ४०० लिटर.

माझ्या मते सगळे मर्म या आकड्यात आहे. पाणी वरून खाली जाते आणि बुडबुडा खालून वर चढू पाहतो, त्यामुळे तो विरघळेपर्यंत मध्येच अडकून राहतो. दोन इंची पाइपात तासाला १२०० लिटर पाणी सोडले तर ते सेकंदाला १७ सेंटीमीटर वेगाने खाली येते. एक मिलिमीटरचा बुडबुडा साधारण १० सेंटीमीटर वेगानेच वर चढतो, म्हणून तो पाण्याबरोबर वाहून जातो. ४०० लिटरला हाच वेग सहा सेंटीमीटरच्या आत येतो आणि बुडबुडा सुटत नाही.

गॅसच्या नळीसाठी वरच्या एंड कॅपला साडेपाच मिलिमीटरचे छिद्र पाडले, सहा मिलिमीटरच्या नळीचे टोक तिरके कापले आणि ते आतून पकडीने ओढून घेतले. नळी इतकी घट्ट बसली की डिंकाची गरज पडली नाही. एल्बो, टी, कॅप हे सारे नळफिटिंगच्या दुकानात मिळते आणि काही फुटले तर त्याच संध्याकाळी बदलता येते. आपल्या भागात हीच रचना सर्वांत योग्य आहे असे मला वाटते. ज्यांना हे पटत नाही त्यांनी कारणांसह लिहावे.

उत्तर, नांदेड

मला हे पटत नाही, आणि मी ते नुकसान सोसून सांगतो आहे. गेल्या उन्हाळ्यात मी असाच रिअॅक्टर बसवला होता. गॅसला फक्त नीडल व्हॉल्व्ह (गॅसची मात्रा हाताने कमी-जास्त करायची बारीक तोटी) होता. दुपारी दोन तास वीज गेली. फिल्टर थांबला, गॅस मात्र सुरूच राहिला आणि पाइप गॅसने भरत गेला. वीज आल्यावर तो सगळा गॅस टाकीत उतरला. संध्याकाळी मासे पृष्ठभागाशी तोंडे उघडून तडफडत होते आणि रात्रीपर्यंत माझे नऊ टेट्रा मासे मेले. टाकीतला डिफ्यूझर कितीही गैरसोयीचा असला तरी त्याचा गॅस डोळ्यांसमोर असतो, बंद पाइपात तो नकळत साठतो. जिथे वीज केव्हा जाईल याचा भरवसा नाही, तिथे बंद रिअॅक्टरची शिफारस करणे मला जबाबदारीचे वाटत नाही.

उत्तर, लातूर

नांदेडच्या दादांचे दुःख मी समजू शकते, परंतु एक हिशेब मांडावासा वाटतो. दोन इंची, दोन फुटी पाइपात सव्वा लिटरच्या आत जागा असते. ती पूर्ण गॅसने भरली तरी त्या गॅसचे वजन दोन ग्रॅमच्या थोडे वर जाते. तो सगळाच्या सगळा २०० लिटर पाण्यात विरघळला तरी पातळी लिटरमागे दहा-अकरा मिलिग्रॅमने वाढते. आधी ३० असेल तर ती ४० होईल. तापलेल्या, प्राणवायू कमी असलेल्या पाण्यात हे वाईटच, पण नऊ मासे एका संध्याकाळी मरण्याचे कारण केवळ एवढे असेल असे मला वाटत नाही. दादा, आपण गॅसची मात्रा कशावरून ठरवली होती आणि पाण्याचा केएच (कार्बोनेट कठीणता) किती होता?

माझा स्वतःचा विरोध निराळ्या कारणासाठी आहे. भरपूर गॅस म्हणजे भरपूर प्रकाश, भरपूर खत आणि दर आठवड्याला निम्मे पाणी बदलणे. २०१६ साली ज्या शहरात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे राहून मला दर आठवड्याला शंभर लिटर पाणी ओतून देणे जड जाते. वॅलिसनेरिया आणि हायड्रिला कठीण पाण्यातल्या बायकार्बोनेटमधूनही कार्बन घेतात. त्यांच्यावर माझी टाकी गॅसशिवाय हिरवी आहे.

उत्तर, जालना

रिअॅक्टरपेक्षा सिलिंडरकडे लक्ष वेधतो. कार्बन डायऑक्साइड ३१ अंश सेल्सिअसच्या वर द्रवरूपात राहू शकत नाही, आणि मे महिन्यात आपल्या खोलीतली हवा त्याहून बरीच तापलेली असते. सिलिंडर काठोकाठ भरलेला असेल तर आतला दाब झपाट्याने चढतो. वजन करूनच भरून घ्यावा, हायड्रो चाचणीची (सिलिंडरच्या दाब-चाचणीची) तारीख पाहावी आणि टाकीखालच्या बंद कपाटात तो ठेवू नये.

उत्तर, नांदेड

ताई, आपला प्रश्न वाचून आज मुद्दाम केएच तपासला. चाचणीच्या द्रवाच्या बाराव्या थेंबाला निळा रंग पिवळा झाला, म्हणजे केएच १२. त्या वेळी मी पीएच ६.६ वर आणा, एवढाच सल्ला वाचून गॅस वाढवत गेलो होतो.

उत्तर, लातूर

तर मग दादा, कारण तिथेच आहे. गॅस वाढला की पीएच उतरतो, पण पीएच ६.६ म्हणजे लिटरमागे ३० मिलिग्रॅम गॅस हे समीकरण केएच ४ असलेल्या पाण्याचे आहे. केएच १२ असताना तोच पीएच गाठायचा तर गॅस तिप्पट, म्हणजे ९० मिलिग्रॅम लागतो. आपल्या पाण्यात ७.१ लाच थांबायला हवे होते. आपले मासे वीज जाण्याआधीच संकटात होते. बेसाल्टातल्या बोअरच्या पाण्याला बाहेरचा तक्ता जसाच्या तसा लावता येत नाही. टँकरच्या पाण्याचा तर केएच दर खेपेला बदलतो. ड्रॉप चेकरमध्ये (गॅसच्या प्रमाणानुसार रंग बदलणाऱ्या टाकीतल्या छोट्या कुपीत) टाकीचे पाणी न भरता केएच ४ चे तयार द्रावणच भरावे, म्हणजे हिरवा रंग कुठल्याही पाण्यात ३० च्या आसपासच दाखवतो. मात्र तो एक-दोन तास उशिरा बदलतो, हे ध्यानात ठेवावे.

उत्तर, नांदेड

हिशेब मान्य आहे. तो मला आधी कोणी सांगितला असता तर बरे झाले असते. तरीही माझा मूळ आक्षेप मागे घेत नाही. धागाकर्ते सोलेनॉइड व्हॉल्व्हचे (विजेवर उघडणाऱ्या गॅसच्या व्हॉल्व्हचे) नाव घेतील. तो वीज गेल्यावर बंद होतो हे खरे, पण त्याला वीज कळते, पाणी कळत नाही. कॅनिस्टर धुऊन परत लावल्यावर हवा अडकली किंवा इम्पेलर (पाणी ढकलणारे पंपातले पाते) रुतला, तर वीज सुरू असते, सोलेनॉइड उघडा असतो आणि पाणी मात्र थांबलेले असते. काही घरांत सोलेनॉइड इन्व्हर्टरवर आणि फिल्टर साध्या लाइनवर असतो, हे तर त्याहून घातक आहे.

धागाकर्ता, छत्रपती संभाजीनगर

हा आक्षेप खरा आहे आणि माझ्या पहिल्या लिखाणात त्याला उत्तर नव्हते. सोलेनॉइड असूनही मी तो इन्व्हर्टरच्या बोर्डावरच लावलेला होता, हे आपले वाचून लक्षात आले. तो त्याच दिवशी फिल्टरच्या बोर्डावर आणला.

रुतलेल्या इम्पेलरसाठी मी पाण्याच्या प्रेशर पंपात असतो तसा फ्लो स्विच बायपासच्या शाखेत बसवला आणि १२ व्होल्टच्या सोलेनॉइडची एक तार त्यातून फिरवून नेली. पाणी वाहत असेल तरच ती तार जोडली जाते. काल शाखेची नळी चिमट्याने दाबून पाहिली. दोन-तीन सेकंदांत सोलेनॉइड टक् करून बंद झाला आणि बबल काउंटरमधले बुडबुडे थांबले. चिमटा काढल्यावर गॅस पुन्हा सुरू झाला. ही सोय मुख्य नळीपेक्षा शाखेत अधिक उपयोगी पडते, कारण स्विचमध्ये कचरा अडकून शाखा बंद झाली तरी मुख्य प्रवाह चालूच राहतो आणि पृष्ठभाग हलता राहतो.

साखर-यीस्टची बाटली वापरणाऱ्यांना मात्र हे लागू नाही. ती बाटली रात्री किंवा वीज गेल्यावर थांबवता येत नाही आणि व्हॉल्व्ह लावून तिचे तोंड बंद केले तर फुटते. त्यांनी बंद रिअॅक्टरच्या वाटेला जाऊ नये, इथे मी नांदेडच्या दादांच्या बाजूने आहे. लिंबूसत्त्व आणि खायचा सोडा यांचा संच असेल तर सोलेनॉइड बसवता येतो, पण त्याला जाड धातूची बाटली आणि सेफ्टी व्हॉल्व्ह हवाच.

लातूरच्या ताईंच्या पाण्याच्या मुद्द्यावर माझ्याकडे तोड नाही. बदललेले पाणी मी गच्चीवरच्या कुंड्यांना घालतो, पण शंभर लिटर लागतात ते लागतातच.