टीसीजी लाइव्हवर वर्षभर खेळलो, पण समोरासमोर बसल्यावर अडखळलो. पत्ते विकत घ्यावेत का?

गोडोली, सातारा:
गेले वर्षभर मी पोकेमॉनचा पत्त्यांचा खेळ टीसीजी लाइव्ह या ॲपवर खेळत आहे आणि तो आपल्याला बऱ्यापैकी येतो, असा माझा समज होता. गेल्या रविवारी सदर बझारातल्या मित्राकडे त्याच्याच जादा डेकने (म्हणजे खेळायच्या पानांच्या संचाने) समोरासमोर पहिला डाव मांडला, तेव्हा हा समज टिकला नाही. विषबाधा झालेल्या पोकेमॉनवर प्रत्येकाच्या खेळीनंतर १० चे नुकसान मांडायचे असते, ते मी दोनदा विसरलो. समोरचा पोकेमॉन बाद केल्यावर बक्षिसाचे पान उचलायचे, हेही मित्रानेच सांगितले. तरीही ६० पाने हाताने पिसून त्याच्यापुढे काटायला ठेवण्यात जी मजा आली, ती फोनवर कधीच आली नव्हती. साताऱ्यात आम्हा दोघांखेरीज हा खेळ खेळणारे मला कोणी ठाऊक नाही. अशा परिस्थितीत पत्त्यांवर खर्च करावा, की ॲपवरच सराव वाढवावा?

विश्रामबाग, सांगली:
विसरल्याचे वाईट वाटून घेऊ नका. ॲपमध्ये नियम सांभाळण्याचे काम संगणक करतो, टेबलावर ते दोघांना मिळून करावे लागते, आणि माझ्या मते खेळ खरा समजतो तो तिथेच. मी स्वतः एक सवय लावून घेतली आहे: डावात पहिल्यांदा डेकमधून पान शोधायची संधी मिळाली, की हवे ते पान उचलण्याआधी संपूर्ण डेक नजरेखालून घालायचा आणि सुरुवातीला आपल्याच डेकमधून बाजूला पालथ्या ठेवलेल्या ६ बक्षिसांच्या पानांत काय अडकले आहे, हे ताडायचे. एकदा माझ्या डेकमधल्या एका महत्त्वाच्या पानाच्या दोन्ही प्रती त्या शोधात दिसल्या नाहीत, हातातही नव्हत्या. दोन्ही बक्षिसांत आहेत हे तेव्हाच कळल्यामुळे मी बेत बदलला आणि तो डाव जिंकलो.

खर्चाचे म्हणाल, तर डेक जुळवण्यासाठी पाकिटे फोडत बसू नका, कारण हवे ते पान त्यांत निघेलच याची खात्री नसते. दोन तयार डेक घ्या. पुढे नवा डेक करायचा असेल, तर तो आधी ॲपवर चालवून पाहा आणि मग लागतील तेवढीच सुटी पाने मागवा. घरगुती खेळात एखाद्या महागड्या पानाऐवजी छापील कागद पानाच्या प्लॅस्टिकच्या कव्हरात सरकवला तरी चालतो. अधिकृत स्पर्धेत मात्र तसे चालत नाही.

नदीकाठ, सांगली:
वरील सल्ला योग्यच आहे, फक्त पत्ते ठेवण्याची काळजी घ्या. २०१९ च्या महापुरात आमच्या तळमजल्यावरच्या कपाटात पाणी शिरले आणि पुठ्ठ्याच्या खोक्यातली माझी सगळी पाने एकमेकांना चिकटून त्यांची वीट झाली. सोडवायला गेलो, तर चित्रांचे पापुद्रे निघून आले. आता सगळी पाने कव्हरांत, हवाबंद डब्यात आणि वरच्या मजल्यावर असतात. तरीही मी पत्तेच निवडीन. आधीच्या ॲपमध्ये खेळाडूंना आपापसांत पाने बदलून घेता येत असत; २०२३ मध्ये टीसीजी लाइव्हने त्याची जागा घेतली आणि ती सोय गेली. माझ्या डब्यातले पान मी आजही कोणालाही देऊ शकतो.

गोडोली, सातारा:
दोघांचेही मनापासून आभार. दोन तयार डेक मागवतो. बक्षिसांतली पाने ताडण्याचा सराव या रविवारपासूनच मित्राच्या डेकवर सुरू करतो.