लांबच्या प्रवासात मान आखडते. सीट कशी लावावी?

प्रश्न: वडोदऱ्याहून अहमदाबादला दर आठवड्याला द्रुतगती मार्गाने जातो. तासाभरात मान आखडते आणि क्लच दाबताना कंबर सीटवरून सुटते. काय करावे?

उत्तर: नमस्कार. आधी सीट पुढे घ्यावी. क्लच तळापर्यंत दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. मग खांदे टेकलेले असताना हात लांब करून मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकेल, इतपतच पाठ कलती ठेवावी.

उत्तर: हेडरेस्ट ही मानेची उशी नव्हे, हे कळकळीने सांगतो, मागून धडक बसल्यास मानेला हिसका बसू नये म्हणून ते असते, त्यामुळे त्याची वरची कड माथ्याच्या पातळीला आणि डोक्याच्या अगदी जवळ हवी. आमच्या गाडीत ते कायम तळाच्या खाचेत होते. दांडीजवळचे बटण दाबून वर घेतले.

प्रश्नकर्ता: सीट दोन खाचा पुढे घेतली, आता कंबर टेकलेली राहते. आपला आभारी आहे.