मदत हवी आहे: डायबेटिस-लठ्ठपणाच्या जेनेटिक्समध्ये वेट लॅब की डेटा?
नमस्कार मंडळी, एमएस्सी संपत आलीये आणि पीएचडी डायबेटिस-लठ्ठपणाच्या जेनेटिक्सवरच करायची हे पक्कं आहे, पण वेट लॅब (म्हणजे प्रत्यक्ष पेशी-डीएनएवरचे प्रयोग) घेऊ की डेटा अ‍ॅनालिसिस इथे अडलेय. २००७ मध्ये एफटीओ जीनचा लठ्ठपणाशी संबंध सापडला, मग २०१५ मध्ये कळलं की त्या जीनमधला व्हेरियंट (डीएनएतला छोटा फरक) खरंतर लांबच्या आयआरएक्स३ आणि आयआरएक्स५ जीन्सवर परिणाम करतो, आणि ते दाखवायला फॅट सेल्समध्ये क्रिस्परने (डीएनए हवा तिथे बदलायचं तंत्र) एडिटिंग केलं, मला असलंच काम करायचंय!! पण कोडिंग येत नाही, आर (डेटा अ‍ॅनालिसिसची प्रोग्रॅमिंग भाषा) शिकल्याशिवाय चांगल्या लॅबमध्ये घेतात का? आणि उंदरांवर काम करायचं नसेल तर नुसत्या सेल कल्चरवर करिअर होतं का? पीएचडीनंतर फार्मात गेलेल्यांनी तर प्लीज नक्की लिहा.